विहीणबाईंचा मसाल्याचा डबा

विहीणबाई, तुमच्या फोटोला मोगऱ्याचा हार घातला होता. मोगऱ्याने तुम्हाला शिंका यायच्या, हे त्या खोलीतल्या एकालाही आठवलं नाही. मला आठवलं, पण मुलीची आई येते काय आणि व्याह्यांच्या घरातला हार उतरवते काय, असं चार माणसांत नको दिसायला म्हणून मी गप्प बसले. तुम्ही बघत असाल तर नक्की हसला असाल. माझं गप्प बसणं तुम्ही फार वेळा पाहिलेलं नाही.

तीन आठवडे होत आले. सकाळी चहा ठेवलात, गॅससमोर खाली बसलात, त्या पुन्हा उठलाच नाहीत. हृदय थांबलं म्हणाले डॉक्टर. मला अजून राग येतो तुमचा. एवढ्या मोठ्या बाईने, जिला दुकानातून निघताना अर्धा तास लागायचा, तिने असं न सांगता जावं? मिरा रोडहून रिक्षा करून मी भाईंदरला पोचले तेव्हा माझी मृणाल दारात उभी होती आणि मला म्हणाली, "आई, आई गेल्या." तुम्हालाही ती आईच म्हणायची. त्या वाक्यात मला पहिल्यांदा त्याचं वाईट वाटलं नाही.

आपली पहिली भेट आठवते? मृणाल आणि तुमचा अमोल एका ऑफिसात. लग्न ठरवायला तुम्ही आणि तुमचे मिस्टर, गायकवाडसाहेब, अमोलला घेऊन माझ्याकडे आलात. माझे दीर आदल्या दिवशीच फोनवर म्हणाले होते की या लग्नाला ते येणार नाहीत, आणि का ते आपल्याला दोघींनाही माहीत होतं. तुम्ही तो विषय त्या दिवशी काढला नाहीत आणि नंतरही कधी काढला नाहीत. मी पेढ्यांची बशी पुढे केली. तुम्ही एक घेतलात. गायकवाडसाहेबांनी एक घेतला. तुम्ही मला आग्रह केलात, मी एक घेतला, अर्धा खाल्ला आणि अर्धा हळूच रुमालात गुंडाळला. तुमची नजर काय, घारीची. "ते अर्धं कुणासाठी ठेवलं?" भर बैठकीत विचारलंत. मी म्हटलं, "मला डायबेटिस आहे हो." तुम्ही कपाळावर हात मारलात. "अवं, मलाबी शुगर हाय. आन यांनाबी!" तीन साखरेची माणसं, मंगल कार्यात नाही कसं म्हणायचं म्हणून एकमेकांच्या तोंडात पेढे कोंबत होती. अमोल आणि मृणाल हसून हसून लाल झाले. लग्न त्या हसण्यातच ठरलं असं मी आजही मानते.

निरोप घेताना मी साडीची पिशवी पुढे केली, वरमाईचा मान. तुम्ही पिशवी बाजूला ठेवलीत आणि म्हणालात, "साडीचं राहू द्या. तुमची तीन महिन्यांची शुगर किती आली ते सांगा." मी विमा कंपनीत आयुष्यभर नोकरी केलेली बाई. असला प्रश्न मला मोठ्या साहेबानेही विचारला नव्हता. मी आकडा कमी करून सांगितला. तुम्ही मान हलवलीत. खोटं बोलताना मी पदर सारखा करते, हे तुम्हाला पुढे कळलं. त्या दिवशी नुसताच संशय आला होता.

मग दर गुरुवारी तुम्ही साखरेच्या माणसांना जमवायचात, त्या तुमच्या गुरुवारांत मला ओढलंत. तुमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर सोसायटीचं ऑफिस, आठदहा खुर्च्या, एक सतरंजी आणि तुमचा आवाज. हे सगळं सुरू कसं झालं, ते तुम्ही प्रत्येक नव्या माणसाला सांगायचात. शुगर निघाली तेव्हा हॉस्पिटलात तुम्हाला आहाराचा छापील कागद मिळाला. सकाळी ओट्स, दुपारी ब्राऊन राइस, रात्री सूप आणि उकडलेली ब्रोकोली. तुम्ही तो कागद घेऊन केबिन रोडवर भाजीवाल्याकडे गेलात, ब्रोकोलीचा भाव विचारलात आणि घरी येऊन कागद डब्याखाली घातलात. "हे कुणाचं जेवण हाय ठाऊक न्हाई," म्हणायचात. "आपलं न्हाई." आणि मग स्वतःच्या मनाने ज्वारीची भाकरी सुरू केलीत. ज्वारी म्हणजे औषध, कितीही खा, असं गृहीत धरून एका वेळी चार-चार हाणल्यात. साखर उतरण्याऐवजी चढली. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा तुम्ही त्यांनाच झापलंत की तुमची मशीन बिघडली आहे. ही फजिती तुम्ही लपवली नाहीत, उलट गुरुवारची सुरुवातच तिच्यापासून करायचात. म्हणून लोक तुमचं ऐकायचे. ज्याने चार भाकऱ्या खाऊन चूक केली आहे, तो दोन खा म्हणाला की पटतं.

मी भाताची माणूस. कोकणातली. भात सोडायला सांगणाऱ्याशी मी उभं वैर धरते. तुम्ही सोडायला सांगितलाच नाहीत. "भात खावा की. पण आधी आमटी प्या, भाजी खावा, मासळी खावा, आन मग वाटीनं भात घ्या. डाव वापरू नका." डावाऐवजी वाटी, एवढाच बदल. मला वाटलं, ही काय शिकवण झाली? पण पोट आमटीने आणि भाजीने भरलं की वाटीतला भातही पुरतो, हे मला माझ्याच ताटात कळलं. हंसाबेन फरसाण सोडत नव्हत्या, त्यांना तुम्ही फरसाणाची बरणी माळ्यावर ठेवायला लावलीत. गुडघे दुखतात म्हणून त्या शिडी चढत नसत. नया नगरहून रुखसाना आपा यायच्या. रमजानच्या आधी त्यांनी विचारलं की रोजे धरू का, तेव्हा तुम्ही हात जोडलेत. "मेरेको मत पूछो आपा. डॉक्टरनी को पूछके आओ, गोली कब लेनेकी, कितनी लेनेकी. मैं खाली भाकरीवाली है." गोळीच्या बाबतीत तुम्ही कधी शहाणपणा केला नाहीत, हे मी तुमच्या खात्यावर मांडून ठेवलंय. आणि गुळाचा चहा! गल्लोगल्ली त्या टपऱ्या झाल्या आणि आपली अर्धी मंडळी तिथे निर्धास्त चहा पिऊ लागली, गूळ म्हणजे साखर थोडीच. तुम्ही एका टपरीवाल्याशी भांडायला निघालात, मी तुमची पिशवी ओढून तुम्हाला थांबवलं.

सगळ्यात मजा यायची नाही म्हणण्याच्या तालमीची. आपल्याकडे पथ्य मोडतं ते भुकेने थोडंच, ते मोडतं आग्रहाने, हे तुम्ही ओळखलं होतं. म्हणून तुम्ही रिकाम्या ताटांची पंगत मांडायचात. एकीने वाढायचं, दुसरीने नाकारायचं. वाढायला तुम्ही स्वतः. रिकामी कढई आणि डाव घेऊन समोर उभ्या राहिलात की तुमच्यासमोर कोणाचा टिकाव लागायचा नाही. "एवढं माझ्यासाठी. आता एवढं माझ्या लेकरासाठी. बरं, न्हाई खाल्लंत तर मी समजंन की तुम्हाला राग हाय." हंसाबेन रडकुंडीला येऊन म्हणायच्या, "मना कैसे करें बहन, सामनेवाले का दिल टूटता है." तुम्ही डाव खाली ठेवून म्हणायचात, "दिल टूटा तो जुडेगा. पाँव गया तो वापस आता है क्या?" मग खरी युक्ती सांगायचात. वाढणाऱ्याचा हात रिकामा परत पाठवायचा नाही. गुलाबजाम आणला तर म्हणायचं, ते राहू दे, ती काकडीची कोशिंबीर काय झाली आहे हो, अजून वाढा. वाढणाऱ्याला वाढल्याचं समाधान, तुमच्या पोटात काकडी. मी ही युक्ती माझ्या भाचीच्या लग्नात वापरली. तीन वेळा कोशिंबीर खाल्ली आणि यजमानीण जन्माची मैत्रीण झाली. तुम्हाला मात्र मी एकदाही नाही म्हणू शकले नाही. रिकाम्या कढईतून वाढलेला हवेचा गुलाबजामसुद्धा तुम्ही मला खायला लावलात.

आणखी एक. हे मी तुम्हाला तोंडावर कधी बोलले नाही, आता बोलते. साखरेच्या माणसाने रोज तळवे बघावेत, पण साठीच्या पुढे स्वतःचा तळवा बघायला वाकता येतं कोणाला? तुम्ही पोरासोरांना, सुनांना सांगून ठेवलंत की मोठ्यांच्या पाया पडायला वाकाल तेव्हा पावलं उचलून बघा, फोड आहे का, चीर आहे का. मी नाक मुरडलं होतं. नमस्काराची कसली तपासणी करताय, म्हणाले. त्याच वर्षी दिवाळीत मृणाल पाडव्याला माझ्या पाया पडायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. "आई, हे काय आहे?" नव्या चपलेने टाचेमागे घासून घासून जखम झाली होती. मला काडीचा पत्ता नव्हता, दुखतच नव्हतं. महिनाभर ड्रेसिंग केलं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. मी चारचौघांत म्हणाले, "माझ्या मुलीचं लक्ष फार." तुम्ही शेजारी बसला होतात आणि मान डोलावलीत. तो पाय आज माझ्याकडे आहे, त्यावर चालत येऊन मी हे लिहायला बसले. मुलीचं लक्ष होतं, खरंच होतं, पण लक्ष कुठे द्यायचं हे तुम्ही तिला शिकवलं होतंत. आभार, विहीणबाई. एवढे दोन शब्द तेव्हा तोंडातून बाहेर पडायला काय झालं होतं कोण जाणे.

आता आपल्या भांडणाकडे येते. ते अर्धवट राहिलंय, आणि मला ते तुमच्याशी पुरं करायचंय.

तुमच्याकडे मी रविवारी जेवायला यायचे. गायकवाडसाहेब टपाल खात्यातून निवृत्त, मोजकं बोलणारा माणूस. ते पाटावर बसले की त्यांचं ताट यायचं: दोन भाकऱ्या, पालेभाजी, वरण, जवसाची चटणी, मुठीएवढा भात. काय वाढायचं, किती वाढायचं, सगळं तुमच्या हातात. जेवण झालं की तुम्ही फळीवरून तो जुना मसाल्याचा डबा काढायचात. आत सात वाट्या, सात वारांच्या. हळद-मोहरी कधीच गेली होती, तिथे त्यांच्या गोळ्या. त्या दिवसाची वाटी उचलून गोळ्या त्यांच्या तळहातावर ठेवायचात, पाण्याचा तांब्या पुढे करायचात, आणि ते गिळेपर्यंत समोर उभ्या. रात्री त्यांचे तळवेही तुम्हीच बघायचात. त्यांना आपल्या गोळीचा रंग तरी माहीत असेल का, असा मला प्रश्न पडायचा.

मी म्हटलं, "विहीणबाई, गुरुवारी सगळ्यांना सांगता, आपली काळजी आपण घ्या. आणि घरात त्यांच्या तोंडात गोळी घालता?"

"ते पुरुष हायत, ताई."

"पुरुष आहेत म्हणून हात नाहीत त्यांना?"

"हात हायत. पण मी दिली न्हाई तर ते घेत न्हाईत. मला ठाऊक हाय."

साहेब पेपर वाचत होते. पान उलटायचं थांबले, पण मान वर केली नाही.

पुढे एका गुरुवारी नवऱ्याऐवजी बायकाच येतात म्हणून तुम्ही सगळ्यांना फैलावर घेतलंत. "शुगर त्यांना आन शिकायला तुम्ही?" सगळ्या गेल्यावर मी फक्त एवढंच विचारलं की तुमचे मिस्टर आजवर कितीदा या खोलीत आले. तुमचा चेहरा उतरला. दोन आठवडे तुमचा फोन नाही. तिसऱ्या आठवड्यात जवसाच्या चटणीची बरणी घेऊन दारात उभ्या. ना तुम्ही विषय काढलात, ना मी. पण मी माझं म्हणणं सोडलं नव्हतं, आणि तुम्हीही.

शेवटचं भांडण केबिन रोडवर, शेपूच्या जुडीसमोर. तुम्ही म्हणालात की पुतणीच्या लग्नाला लातूरला जायचंय, पण यांच्या गोळ्यांचं कसं, म्हणून जात नाही. मला संताप आला. "माणसाला तुम्ही पांगळं करून ठेवलंय. उद्या तुम्हाला काही झालं तर त्यांनी काय करायचं?" भाजीवाला ऐकत होता. तुम्ही शेपू हुंगलीत, परत ठेवलीत, आणि हसून म्हणालात, "मग तुम्ही हायत की." आणि दुसऱ्या जुडीचा भाव करायला लागलात. मी म्हटलं, "मी बरी सापडते सगळ्यांना." चार दिवसांनी तुम्ही गेलात.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे तुमच्या बौद्ध पद्धतीच्या दिवसकार्याच्या, दिवशी घर माणसांनी भरलं होतं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं, मेणबत्त्या, त्रिशरण झालं. गायकवाडसाहेब भिंतीला टेकून बसले होते. येणारा प्रत्येक नातेवाईक त्यांच्या हातात काहीतरी द्यायचा. गोड चहा, पुन्हा चहा, बिस्किटं, केळं. आणि ते घेत होते. हातावर जे येईल ते तोंडात घालायची इतक्या वर्षांची सवय. तुम्ही लावलेली. मी उठले आणि चौथा कप त्यांच्या हातातून काढून घेतला. तुमच्या नात्यातली एक बाई म्हणाली, "अशा येळेला कशाला शुगर-बिगर बघायलात? दुःखाचा चहा हाय." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी कप घेऊन मोरीत ओतला. माझं नाव त्या दिवशी लातूरपर्यंत गेलं असेल.

माणसं पांगल्यावर मृणालने मला सांगितलं, "बाबा म्हणतात, गोळ्या घेतो. त्यांनी मला हात लावू दिला नाही डब्याला." मी स्वयंपाकघरात गेले आणि डबा उघडला. तुम्ही रविवारी भरून ठेवलेला. तुम्ही गेलात त्या दिवसापासूनच्या वाट्या जशाच्या तशा. एक गोळी हललेली नाही.

मला वाटलं, हेच ते. त्यांना येत नाही, आणि सांगायची लाज वाटते. माझं बरोबर निघालं, आणि अशा बरोबर निघण्याचा आनंद काय करायचा? मी डबा घेऊन त्यांच्यासमोर बसले. शाळेतल्या बाईसारखा आवाज काढून म्हटलं, "साहेब, शिकून घेऊ या. ही पांढरी लांबट—"

"ती साखरेची," ते म्हणाले. "जेवणानंतर. दोन वेळा. ही बारकी सकाळची, उपाशीपोटी. ही प्रेशरची. ही कोलेस्ट्रॉलची, रात्री." एकेका गोळीचं नाव घेतलं, धडधडीत, पत्ता वाचावा तसं. टपाल खात्यातला माणूस.

मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला सगळं येतं?"

"पहिल्यापासनं येतंय की."

"मग इतकी वर्षं त्यांच्या हातून..."

"तिला वाटायचं, मला जमत न्हाई. वाटू दिलं." डब्याच्या कडेवरून बोट फिरवलं. "तिला बरं वाटायचं. मलाबी."

विहीणबाई, तुम्हाला हे माहीत होतं का हो? मला वाटतं नव्हतं. किंवा होतं, आणि तुम्हीही वाटू दिलंत. तुम्हा दोघांचं काही सांगता येत नाही.

मी विचारलं, "मग आता का घेत नाही?"

त्यांनी डबा आपल्याकडे ओढला. मग डब्याकडे बघून म्हणाले, "ह्या तिच्या हातनं घातलेल्या हायत. घेतल्या तर वाट्या रिकाम्या व्हतील."

मला रडू आलं. मला रडू आलं की राग येतो, हे तुम्हाला माहीत आहे. मी डब्याचं झाकण लावलं आणि चांगलंच सुनावलं त्यांना. म्हटलं, डबा राहू दे असाच, वर ठेवा, जन्मभर ठेवा. पण गोळ्या दुकानात मिळतात, तिच्याच हातच्या पाहिजेत असं नाही. म्हटलं, ती बाई गावभर साखर सांभाळायला शिकवत होती. उद्या तुम्ही पडलात, पाय गेला, डोळे गेले, तर लोक काय म्हणतील? म्हणतील, जिच्या घरातलाच माणूस सांभाळला गेला नाही, ती आम्हाला काय शिकवत होती? हंसाबेन बरणी खाली काढतील. रुखसाना आपा यायच्या बंद होतील. तुमच्या एका न घेतलेल्या गोळीने तिचे सगळे गुरुवार खोटे पडतील, साहेब.

बोलून झाल्यावर मला वाटलं, जास्त झालं. मृणाल दारात उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरही तेच होतं. गायकवाडसाहेब उठले. शर्ट बदलला. चपला घातल्या. मी म्हटलं, इतके दिवस खंड पडलाय, आधी डॉक्टरीणबाईंकडे. "व्हय," म्हणाले, आणि मृणालला बरोबर घेऊन गेले. साखर बरीच वाढली होती. डॉक्टरीणबाई रागावल्या, गोळ्या पुन्हा नीट लिहून दिल्या. परत येताना ते औषधाच्या दुकानात स्वतः शिरले. दुकानदाराने विचारलं, "अंकल, आज आंटी नहीं आई?" मृणाल म्हणते, बाबांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "अब मैं ही आएगा."

मी माझा हट्ट सोडला आहे असं समजू नका. तुम्ही त्यांना लातूरच्या लग्नाला न जाता सांभाळलंत, ते चूकच होतं. चार दिवस त्यांना मोकळं सोडलं असतंत तर तुम्हालाही कळलं असतं की त्यांना येतं, आणि पुतणीच्या लग्नात नाचला असतात. पण माझंही एक चुकलं. मी समजत होते, आपली काळजी आपण घ्यायची म्हणजे एकट्याने घ्यायची. गोळीचं नाव माहीत असणं आणि गोळी घ्यावीशी वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी तुम्ही त्या घरात रोज घडवून आणत होतात. मी एकटी राहते. नऊ वाजता तुमचा फोन यायचा, "घेतली का?" मी चिडून म्हणायचे, "घेतली हो." तुमचा फोन यायचा म्हणून मी घेत होते. आता कोणी विचारत नाही तेव्हा समजतंय.

परवाचा गुरुवार. मला वाटलं होतं, कोणी येणार नाही. सगळे आले. हंसाबेन, रुखसाना आपा, बिल्डिंगमधल्या बायका, दोन-तीन नवरेही, मुकाट चेहऱ्याने. सगळे सतरंजीवर बसले आणि तुमची मोकळी खुर्ची समोर. आणि गायकवाडसाहेब आत आले. त्या खोलीत पहिल्यांदा. खुर्चीवर बसले नाहीत, तिच्या शेजारी उभे राहिले.

"मला बोलता येत न्हाई," म्हणाले. "ती बोलायची." मला वाटलं, एवढंच बोलून निघतील.

"मला शुगर होऊन अठरा वरसं झाली. परवा डॉक्टरीणबाईनं सगळं तपासून घ्यायला लावलं. डोळे चांगले हायत. किडनी चांगली हाय. पाय चांगले हायत. साखर तेवढी वाढली, ती ह्या तीन आठवड्यांतली." खिशातून रुमाल काढला, पण डोळ्यांना लावला नाही, हातातच धरला. "वाढलेली साखर माझी. बाकीचं सगळं तिचं हाय. बगून घ्या."

रुखसाना आपा तोंडाला पदर लावून रडायला लागल्या. एक नवरा आपल्या बायकोकडे बघत होता. माझ्याकडे आपल्या वादातलं पुढचं वाक्य तयार होतं, की हे सगळं त्यांचं त्यांनाही जमलं असतं, विहीणबाई, तुम्ही मला ओळखता. पण त्या माणसाकडे बघून ते माझ्याच्याने बोलवलं नाही. तुम्ही जिंकलात.